आयआरक्यूबॅलन्सचं परीक्षण: इंटरप्टांचा हा मुकादम ठेवावा की सुट्टी द्यावी?

सर्व्हरला ३२ सीपीयू, 'टॉप' या सीपीयूचा वापर दाखवणाऱ्या आज्ञेत एकूण वापर जेमतेम ६ टक्के, आणि तरी काउंटरवरून ओरड चालू की स्क्रीन अडकतेय. अशा वेळी टॉप उघडून १ हा आकडा दाबा. प्रत्येक सीपीयूची वेगळी ओळ दिसेल. त्यातली एखादी शंभरीला टेकलेली असते आणि तिच्या 'एसआय' रकान्यात जवळपास सगळा आकडा गोळा झालेला असतो. ३२ पैकी एक सीपीयू गच्च भरला तरी एकूण सरासरीत तो ३ टक्केच भरतो, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सापडत नाही.

इंटरप्ट म्हणजे 'हातातलं सोडून माझ्याकडं बघ' अशी सीपीयूला मारलेली हाक. तिच्यामागचं उरलेलं काम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नंतर उरकतं, तो सॉफ्ट इंटरप्ट. एसआय म्हणजे त्यात गेलेला वेळ. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर यांच्या हाका कोणत्या सीपीयूनं ऐकायच्या याची वाटणी लिनक्सवर आयआरक्यूबॅलन्स नावाची सेवा करते. आर्जन व्हॅन डी व्हेन यांनी ती सुरू केली, पुढे बरीच वर्षं नील हॉर्मन यांनी सांभाळली. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली ती फुकट मिळते. रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरांवर ती सहसा आधीच चालू असते. उबुंटूनं मात्र २४.०४ पासून ती आपसूक बसवणं बंद केलं, आणि तेव्हापासून ठेवावी की काढावी हा प्रश्न वारंवार येतो. पाचपैकी गुण द्यायचे तर आमचे साडेतीन. कापलेला दीड कशाचा, ते सविस्तर सांगायला हवं.

लातूरचा किंवा जालन्याचा मोंढा डोळ्यांसमोर आणा. सोयाबीनची आवक सुरू झाली की मुकादम ठराविक वेळानं फेरी मारतो, कुठल्या आडत्याकडं गाड्या तुंबल्या ते बघतो आणि हमाल इकडून तिकडं हलवतो. तो स्वतः पोतं उचलत नाही. आयआरक्यूबॅलन्सही तसाच. इंटरप्ट पोचवायचं काम हार्डवेअर आणि कर्नलचं; हा फक्त दर १० सेकंदांनी आकडे वाचतो आणि कोणता इंटरप्ट कोणत्या सीपीयूवर जावा ते प्रॉक या कर्नलच्या फोल्डरातल्या फाइलीत लिहितो. १० सेकंद हा मूळ ठरलेला काळ आहे, छोट्या टी या पर्यायानं बदलता येतो.

वाटणी करताना तो मशीनची उतरंड पाहतो: आधी न्यूमा नोड (सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचा गट), मग सॉकेट (प्रोसेसरची एक चिप), मग एकच कॅश, म्हणजे चिपमधली जलद मेमरी, वापरणाऱ्या कोअरांचा गट, मग कोअर. नेटवर्कचे इंटरप्ट थेट कोअरपर्यंत नेऊन वाटतो. स्टोरेजचे कॅशच्या गटापर्यंतच. कार्ड ज्या नोडला जोडलेलं आहे तिथल्याच कोअरांना त्याचं काम द्यायचा प्रयत्न करतो. हे सगळं हातानं करायला बसलात तर अर्धा दिवस जातो आणि चुका होतात त्या वेगळ्या. दोन सॉकेटचा, मिश्र कामाचा साधा सर्व्हर असेल, म्हणजे वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याचा ईआरपी, कॉलेजचं प्रवेशाचं काम किंवा दवाखान्याची नोंदणी, तर आयआरक्यूबॅलन्स चालू ठेवा आणि विसरून जा. तिथं तो चोख काम करतो.

पहिला अर्धा गुण जातो मोजमापासाठी. एखाद्या सीपीयूनं हार्ड आणि सॉफ्ट इंटरप्टात मिळून किती वेळ घालवला हे तो वाचतो, आणि तो वेळ त्या सीपीयूवरच्या इंटरप्टांत त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटून टाकतो. पण संख्या म्हणजे भार नव्हे. आजची नेटवर्क कार्डं प्रत्येक पॅकेटला हाक मारत नाहीत. एक इंटरप्ट येतो, मग कर्नल स्वतःच रांगेतून एका दमात ६४ पर्यंत पॅकेट उपसतं. त्यामुळं खरं ओझं वाहणारं कार्ड कमी वेळा ओरडतं आणि हलकं वाटतं. शेजारचा किरकोळ पण बडबड्या इंटरप्ट जड ठरतो. चुकीचा हमाल हलवला जातो तो असा.

दुसरा अर्धा गुण १० सेकंदांसाठी. १० गिगाबिटच्या तारेवरून सगळ्यात लहान पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार भरतात. १५०० बाइटची मोठी आली तरी ८ लाख १२ हजारांच्या घरात. मुकादमाची एक फेरी होईपर्यंत केवढी आवक होऊन जाते ते बघा. क्लासेसची ऑनलाइन सराव परीक्षा १० वाजता उघडते तेव्हा खरी गर्दी पहिल्या अर्ध्या मिनिटाची असते. तो वाटणी बदलेस्तोवर अर्धी गर्दी सरलेली असते, आणि हलवलेला इंटरप्ट नव्या कोअरवर गार कॅशपासून सुरुवात करतो. फेरीचा काळ २ सेकंदांवर आणला तर? दोन कोअरांत इंटरप्टाची ये-जा वाढते, फायदा क्वचितच दिसतो. त्या वाटेला जाऊ नका.

आता तपासणी. सेवेला दोष देण्याआधी एवढं पाहून घ्या, कारण निम्म्या तक्रारींत तिचा काही संबंध नसतो.

आधी एमपीस्टॅट ही प्रत्येक सीपीयूचे आकडे देणारी आज्ञा चालवा, पर्याय कॅपिटल पी, ऑल आणि १ सेकंद. एकाच सीपीयूवर 'सॉफ्ट' फुगलाय का बघा. मग प्रॉकमधली इंटरप्ट्स ही फाइल १ सेकंदाच्या वॉचमध्ये लावा. ३२ किंवा ६४ रकाने असले की ओळी मोडतात, त्यामुळं लेसला कॅपिटल एस देऊन वाचलेलं बरं. वाढ कोणत्या ओळीत होतेय ते महत्त्वाचं. ओळीच्या शेवटी कार्डाचं नाव आणि रांगेचा क्रमांक असेल तर तो साधनाचा इंटरप्ट, म्हणजे आयआरक्यूबॅलन्सच्या हातातला. पण 'आरईएस' ही ओळ धावत असेल तर ते शेड्युलरनं (कोणतं काम कोणत्या कोअरवर चालवायचं हे ठरवणारा कर्नलचा भाग) एका कोअरवरून दुसऱ्या कोअरला दिलेले धक्के आहेत. 'एलओसी' म्हणजे प्रत्येक कोअरचा स्वतःचा टायमर. 'टीएलबी' म्हणजे मेमरीचे नकाशे पुसण्याच्या हाका. या तिन्हींना आयआरक्यूबॅलन्स हात लावू शकत नाही. आरईएस लाखांत गेला म्हणून सेवा बंद करून पाहणारे भेटतात. तिथं अॅप्लिकेशनचे थ्रेड एकमेकांना सारखे उठवताहेत का, ते शोधायचं असतं.

'टीआरएम' ही ओळ आपल्याकडं मे महिन्यात आवर्जून वाचावी. प्रोसेसर तापल्याचे ते इंटरप्ट. बाहेर पारा ४२च्या पुढं, सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात आणि एसी बंद, अशा ठिकाणी ही ओळ वाढत असेल तर प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतोय. मग वाटणी कितीही सुधारा, उपयोग नाही. आधी कपाटाचं दार काढा.

यानंतर प्रॉकच्या नेटमधली सॉफ्टनेट स्टॅट ही फाइल. प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे सोळाच्या पायातले. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा टाकून दिलेल्यांचा, तिसरा काम शिल्लक असताना वेळ किंवा कोटा संपल्याचा. तिसरा वाढत असेल तर नेटडेव्ह बजेट, म्हणजे एका दमातल्या पॅकेटांचा कोटा, मूळच्या ३०० वरून ६०० करून बघा, आणि त्याच्या सोबतची मायक्रोसेकंदांची मर्यादाही त्याच पटीत वाढवा. एकच वाढवली तर दुसरी आडवी येते. दुसरा वाढत असेल तर नेटडेव्ह मॅक्स बॅकलॉग, म्हणजे किती पॅकेटं थांबवून ठेवायची ती मर्यादा, मूळच्या १००० वरून ५००० करा. दोन्ही स्थिर आहेत आणि तरी पॅकेट गळतात? मग इथटूल या नेटवर्क कार्डाच्या आज्ञेला कॅपिटल एस देऊन कार्डाचे आकडे काढा. नावात 'मिस्ड' असलेला आकडा चढत असेल तर कार्डाची रिंगच, म्हणजे आलेली पॅकेटं ठेवायची जागा, भरून वाहतेय. छोट्या जीनं कमाल किती ते कळतं, कॅपिटल जीनं वाढवता येतं.

खरी मेख असते रांगांच्या संख्येत. इथटूलला छोटा एल दिला की कार्डाला किती रांगा आहेत आणि किती चालू आहेत ते कळतं. रांग एकच असेल तर इंटरप्टही एकच, आणि एका इंटरप्टानं एक कोअर भरत असेल तर तो हलवून मुकादम करणार काय? इकडचं ओझं तिकडं. पोतं एकच आहे, चार हमालांना वाटून देता येत नाही. उलटंही घडतं. ३२ सीपीयू पाहून ड्रायव्हर ३२ रांगा उघडतो आणि निम्मे इंटरप्ट दुसऱ्या सॉकेटवर जातात. ७ आणि ८ च्या मध्ये सॉकेट बदलतो असं समजा: नोड ० वर ० ते ७ आणि त्यांची जुळी (त्याच खऱ्या कोअरांचे दुसरे सीपीयू) १६ ते २३, नोड १ वर ८ ते १५ आणि २४ ते ३१. कार्ड नोड ० ला असेल तर कॅपिटल एल आणि 'कंबाइन्ड ८' देऊन रांगा आठ करा. आठ रांगा, आठ खरे कोअर, हिशोब सरळ. कार्ड कोणत्या नोडचं हे सिस या प्रॉकसारख्याच फोल्डरात असलेल्या त्या कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरातली न्यूमा नोड ही फाइल सांगते. तिथं उणे १ दिसलं तर बायोसनं माहितीच दिलेली नाही, आणि मग आयआरक्यूबॅलन्सही आंधळेपणानं वाटतो.

तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड पुरवणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. पीपीपीओई (आयपी पॅकेट आणखी एका वेष्टनात घालणारी ब्रॉडबँड जोडणीची पद्धत) वापरून लिनक्सवर शेकडो ग्राहक उतरवले की बऱ्याच कार्डांना त्या वेष्टनाच्या आतला आयपी पत्ता वाचता येत नाही. पत्ता कळत नाही म्हणून सगळी पॅकेटं शून्याव्या रांगेत. रांगा आठ असोत की सोळा, बाकीच्या रिकाम्या आणि एक तुडुंब, आणि संध्याकाळी साडेआठला सगळं गाव व्हिडिओ बघायला बसलं की सीपीयू ० मान टाकतो. इथं आयआरक्यूबॅलन्स पूर्ण निरुपयोगी. इलाज आरपीएसचा, म्हणजे आलेली पॅकेटं कर्नलनं स्वतः अनेक कोअरांना वाटायच्या सोयीचा, जो कर्नलमध्ये २.६.३५ पासून आहे. शून्याव्या रांगेच्या फोल्डरातल्या आरपीएस सीपीयूज या फाइलीत आठ कोअरांसाठी 'एफई' लिहा. म्हणजे सीपीयू ० फक्त इंटरप्ट ऐकेल आणि पुढची हमाली १ ते ७ करतील. कर्नलला पीपीपीओईच्या आतलं वाचता येतं, त्यामुळं ग्राहकांप्रमाणं वाटणी होते. लावल्यावर सॉफ्टनेट स्टॅटचा दुसरा रकाना पुन्हा तपासा. बॅकलॉगची मर्यादा आता खऱ्या अर्थानं कामाला लागते. आणि एक लक्षात असू द्या, एकाच जोडणीवरून चाललेला मोठा बॅकअप आरपीएसनंही फुटत नाही. एक प्रवाह, एक कोअर.

कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंग सर्व्हरवर अशीच पण वेगळी अडचण येते. यूडीपी या प्रकारच्या पॅकेटांची रांगांत विभागणी बरीच ड्रायव्हर नुसत्या आयपी पत्त्यांवरून करतात, पोर्ट बघत नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा पत्ता असेल तर ठीक. सगळे एकाच गेटवेमागून येत असतील तर इथटूलच्या कॅपिटल एन पर्यायातून आरएक्स फ्लो हॅश, यूडीपी४ आणि 'एसडीएफएन' द्या, म्हणजे पत्त्यांसोबत पोर्टही बघितले जातील.

लॉगमधल्या दोन ओळींनी उगाच घबराट होते. पहिली, आयआरक्यूची (म्हणजे इंटरप्टाची) अॅफिनिटी, म्हणजे त्याला नेमून दिलेले सीपीयू, बदलता आली नाही, इनपुट आउटपुट एरर, आणि लगेच खाली तो इंटरप्ट आता अनमॅनेज्ड, म्हणजे सेवेच्या ताब्याबाहेर. एनव्हीएमई डिस्कांवर हे हमखास दिसतं. त्यांच्या रांगा कर्नल स्वतः प्रत्येक सीपीयूला जोडून ठेवतं आणि बाहेरच्या कुणाला हात लावू देत नाही. डिस्क खराब नाही, काही करायचं नाही. दुसरी, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. ही वाचून माणसं डिस्क साफ करायला धावतात. इथं जागा संपलेली असते ती सीपीयूच्या व्हेक्टरांची, म्हणजे इंटरप्ट ओळखायच्या क्रमांकांची. एका एक्स८६ सीपीयूला २५६ व्हेक्टर, त्यातले बरेच कर्नलनं राखलेले. अनेक रांगांची चार-पाच कार्डं आणि थोडेच कोअर चालू असले की हे घडतं. रांगा कमी करा, मोकळं होतं.

तिसरी ओळ मात्र गांभीर्यानं घ्यायची: अमुक आयआरक्यू, 'नोबडी केअर्ड'. शेवटच्या १ लाख इंटरप्टांपैकी ९९,९०० कुणीच स्वीकारले नाहीत की कर्नल ती ओळ लिहून तो इंटरप्टच बंद करतं. कारण ड्रायव्हर, बायोस किंवा कार्ड. आयआरक्यूबॅलन्स यात निर्दोष.

उरलेला अर्धा गुण शेड्युलरशी असलेल्या अबोल्यासाठी. कर्नल ६.६ पासून शेड्युलरची सीएफएस ही पद्धत जाऊन ईईव्हीडीएफ आली, पण एक गोष्ट बदलली नाही: सॉफ्ट इंटरप्ट हा जो थ्रेड चालू असेल त्याच्या डोक्यावर बसून चालतो. एका दमात २ मिलिसेकंद किंवा १० फेऱ्या, त्यावर काम उरलं तर केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडं सोपवलं जातं आणि तो साध्या प्राधान्यानं बाकीच्यांसोबत रांगेत उभा राहतो. टॉपमध्ये केसॉफ्टआयआरक्यूडी/३ वर आला म्हणजे सीपीयू ३ वर तुंबलंय. सीएचआरटी ही आज्ञा वापरून त्याला फिफो प्राधान्य, म्हणजे साध्या कामांच्या आधी चालायचा हक्क, द्यायचा मोह होतो. देऊ नका, पॅकेटं उचलली जातील पण ती वाचणारा अॅप्लिकेशनच उपाशी मरेल.

कर्नलमध्ये इंटरप्टांच्या वेळेचा हिशोब चालू असेल तर शेड्युलर भरलेल्या कोअरवर कमी कामं टाकतो, बरंचसं निभावतं. पण डेटाबेसला सिस्टिमडीच्या सीपीयूअॅफिनिटीनं किंवा टास्कसेटनं ४ ते ७ वर बांधलं असेल तर शेड्युलरचे हात बांधलेले. आयआरक्यूबॅलन्सला या बांधणीचा पत्ता नसतो. तो ४ ते ७ मोकळे दिसले की कार्डाच्या रांगा तिकडंच पाठवतो. मग साखर कारखान्याच्या काट्यावर गाळप हंगामात वजनाची पावती कधी लगेच निघते, कधी दोन सेकंद अडते, आणि कारण सापडत नाही, कारण दर काही फेऱ्यांनी वाटणी बदलत असते. खात्री करायला पर्फ शेड रेकॉर्ड ही शेड्युलरची नोंद घेणारी आज्ञा १० सेकंद चालवा आणि मग पर्फ शेड लेटन्सी. ज्या थ्रेडची कमाल थांबण्याची वेळ मोठी, तो कोणत्या सीपीयूवर होता ते बघा.

इलाज सोपा आहे. सेटिंगची फाइल रेड हॅटवर ईटीसीच्या सिसकॉन्फिगमध्ये, डेबियन-उबुंटूवर ईटीसीच्या डिफॉल्टमध्ये. नव्या आवृत्त्यांत 'आयआरक्यूबॅलन्स बॅन्ड सीपीयूलिस्ट', सगळी कॅपिटल अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोर, याच्यापुढं ४-७ लिहायचं. जुन्यांत 'बॅन्ड सीपीयूज' आणि सोळाच्या पायातला मास्क, ४ ते ७ साठी 'एफ०'. जुळे विसरू नका: सीपीयू ४ वर डेटाबेस आणि २० वर इंटरप्ट म्हणजे एकाच खऱ्या कोअरवर दोघं. वरच्या मशीनवर यादी ४-७,२०-२३ अशी हवी. अशी यादी दिलेली नसेल आणि बूटच्या ओळीत आयसोलसीपीयूज किंवा नोहर्ट्झ फुल (काही कोअर वेगळे राखणारे पर्याय) दिलं असेल तर ते कोअर सेवा आपणहून सोडते.

बॅनआयआरक्यू या पर्यायानं इंटरप्टाचा ठराविक क्रमांक वगळताही येतो, पण त्यात एक खड्डा आहे. वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर पुन्हा उठला की इंटरप्टांचे क्रमांक तेच राहतील याची हमी नाही. काल ४५ कार्डाचा होता, आज डिस्कचा. आपल्याकडं वीज जाण्याचं नवल नाही, तेव्हा क्रमांक फाइलीत ठोकू नका. स्क्रिप्टनं बूटनंतर कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरातल्या एमएसआय आयआरक्यूज मधून क्रमांक वाचावेत, किंवा पॉलिसी स्क्रिप्टचा पर्याय वापरावा.

व्हर्च्युअल मशीनवर थोडक्यात: आठ व्हीसीपीयू (मशीनला दिलेले सीपीयू) आणि व्हर्टिओ या व्हर्च्युअल कार्डाला एकच रांग, हा नेहमीचा घोटाळा. होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, लिबव्हर्टच्या सेटिंगमधल्या ड्रायव्हर ओळीत क्यूज ४ करा, आत जाऊन इथटूलनं कंबाइन्ड ४ करा. टॉपमधला एसटी हा रकाना, म्हणजे होस्टनं सीपीयू न दिल्यानं वाया गेलेला वेळ, चढत असेल तर आतून काहीच सुटणार नाही.

मग पर्याय काय? कार्ड बनवणाऱ्यांच्या अॅफिनिटी लावणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात. एका कामासाठी वाहिलेल्या मशीनला, म्हणजे राउटर, व्हॉइस सर्व्हर किंवा फक्त डेटाबेस, त्याच बऱ्या. अशा मशीनवर आयआरक्यूबॅलन्सला सुट्टी द्या. सेवा आधी थांबवून डिसेबल करायची आणि मगच स्क्रिप्ट चालवायची. उलट केलं तर पुढच्या फेरीत तुमची वाटणी पुसली जाते. लावून झालं की एसएमपी अॅफिनिटी लिस्ट वाचून थांबू नका. तिथं ०-७ लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात इंटरप्ट सहसा एकाच सीपीयूवर उतरतो. तो कोणता ते शेजारची इफेक्टिव्ह अॅफिनिटी लिस्ट सांगते. आणि सेवा नुसती थांबवल्यानं इंटरप्ट मूळ जागी परतत नाहीत. शेवटच्या फेरीत जिथं टाकले तिथंच पडून राहतात, मशीन पुन्हा चालू होईपर्यंत किंवा तुम्ही हातानं हलवेपर्यंत.